उद्घाटनानंतरचा खर्च

१९७३ साली अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एमआयडीसीला लागून सीप्झ उभे राहिले. इलेक्ट्रॉनिक वस्तू परदेशी पाठवण्यासाठी आखलेला हा प्रदेश पुढे सॉफ्टवेअरचाही पत्ता झाला. त्याच सुमाराला उरलेला महाराष्ट्र १९७२च्या दुष्काळात होरपळत होता आणि वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर खडी फोडणाऱ्या माणसांच्या पोटाशी आली होती. एकीकडे परकीय चलन मिळवणारी यंत्रे, दुसरीकडे मुकादमाच्या हातातले मस्टर. या दोन जगांची गाठ पडायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. २०२१ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल अ‍ॅपने हजेरी घ्यायला सुरुवात झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सगळ्या सार्वजनिक कामांना सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, त्यावर ठिकाणाची आणि वेळेची खूण. फोटो चढला नाही तर मजुरीचे काय, हा प्रश्न मजुराचा. ज्या फोनवर फोटो काढायचा तो कोणाचा, त्यात डेटा कोण भरणार, डोंगराआड रेंज नसेल तर हजेरी घेणाऱ्या मेटने किती चालायचे, याची उत्तरे मात्र अ‍ॅपमध्ये नव्हती आणि अंदाजपत्रकातही नव्हती.

ग्रामीण भागातल्या सरकारी तंत्रज्ञानाविषयी बोलताना ‘मर्यादित साधने’ हे शब्द हमखास येतात. जणू काही टंचाई ही पावसासारखी वरून येते आणि प्रकल्पाने तिच्यात वाट काढायची असते. मला हे मान्य नाही. यंत्र विकत घ्यायला पैसा नाही म्हणून गावातला प्रकल्प अडला, असे महाराष्ट्रात फारसे घडत नाही. संगणक येतात, टॅब येतात, बायोमेट्रिक यंत्रे येतात, केबलचे खड्डे खणले जातात. नसतो तो पैसा ती गोष्ट तिसऱ्या आणि सातव्या वर्षी चालू ठेवण्याचा. भांडवली खर्चाला निविदा असते, ठेकेदार असतो, उद्घाटनाला पालकमंत्री असतात. बॅटरी बदलणे, वीजबिल भरणे, फोनचा डिस्प्ले दुरुस्त करणे, नव्या माणसाला शिकवणे यांना ना निविदा ना पालकमंत्री. तरीही यातले बरेच प्रकल्प वर्षानुवर्षे चालतात. ते चालतात कारण तो खर्च कोणीतरी सोसत असते. बहुतेक वेळा ते ‘कोणीतरी’ म्हणजे सरकारी उतरंडीतली सगळ्यात खालची, मानधनावरची व्यक्ती असते. प्रकल्प स्वस्त दिसतो तो तिच्यामुळे. म्हणून साधने कमी असताना प्रकल्प कसा चालवावा, या प्रश्नाआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: साधने कमी आहेत असे म्हणताना आपण कोणाची साधने मोजायला विसरलो?

याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण अंगणवाडीचे. २०१८च्या मार्चमध्ये पोषण अभियान सुरू झाले आणि महाराष्ट्रात लाखभर अंगणवाडी सेविकांच्या हाती सरकारी स्मार्टफोन आले. हे फोन २ जीबी रॅमचे. गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, मुलांची उंची-वजने, गृहभेटी, आहारवाटप, सगळे त्यात भरायचे. दोन-तीन वर्षांत फोन गरम होऊ लागले, अडकू लागले, वॉरंटी संपली, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या गळ्यात पडू लागला. त्यात मार्च २०२१ मध्ये जुने अ‍ॅप जाऊन नवे पोषण ट्रॅकर आले. मूल मराठी, आई मराठी, सेविका मराठी, आणि नोंद इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सेविकांनी हे फोन एकात्मिक बालविकास प्रकल्पांच्या कार्यालयांत नेऊन परत केले. फोन परत करणे हा निषेधाचा प्रकार मला फार बोलका वाटतो. काम करायला नकार नव्हता, रजिस्टरे चालूच होती. नकार होता तो सरकारचा खर्च स्वतःच्या पदरातून भरायला. तेव्हा सेविकेचे मासिक मानधन साडेआठ हजार रुपयांच्या आसपास होते. फेब्रुवारी २०२३च्या संपानंतर ते दहा हजार झाले, नव्या फोनचेही आश्वासन मिळाले. पण मधल्या काळात बहुतेकींनी स्वतःच्या, नवऱ्याच्या किंवा शिकणाऱ्या मुलाच्या फोनवर हे अ‍ॅप चालवले. संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर, दिवसभराच्या नोंदी भरायच्या. आणि अ‍ॅपवर विश्वास नाही म्हणून पर्यवेक्षिकेला दाखवायला तीच माहिती रजिस्टरातही ठेवायची. दोनदा लिहिण्याचा हा वेळ कोणत्याही प्रकल्प अहवालात खर्च म्हणून येत नाही. हे केवळ दुर्गमतेचे दुखणे आहे असे समजणाऱ्यांनी अंधेरीच्या वस्त्यांमधल्या अंगणवाड्यांचा विचार करावा. तिथेही तेच अ‍ॅप, तेच मानधन. रेंज भरपूर आहे. तरीही पन्नाससाठ घरांच्या नोंदींचा वेळ सेविकेच्याच दिवसातून जातो. म्हणजे टॉवर उभारल्याने सुटावा असा हा प्रश्न नाही.

ग्रामपंचायतीच्या संगणकाचीही गोष्ट फार वेगळी नाही. २०११च्या सुमारास ‘संग्राम’ प्रकल्पातून गावोगाव संगणक परिचालक नेमले गेले, पुढे त्याचे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झाले. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून या केंद्रापोटी दरमहा १२,३३१ रुपये भरायचे आणि परिचालकाच्या हाती मात्र त्यातले निम्म्याच्या आसपास पडायचे, तेही महिनोन्महिने उशिरा. मुंबईत अधिवेशन असले की आझाद मैदानावर हे परिचालक दिसणारच, असे वर्षानुवर्षे चालले. गावातला सगळ्यात जास्त संगणक कळणारा माणूस हा प्रकल्पाचा सगळ्यात कमी टिकणारा भाग ठरला. शाळांचे तर आणखीच विचित्र. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. गावांनी लोकवर्गणी काढली, शिक्षकांनी पदरमोड केली, वर्गात प्रोजेक्टर आणि टीव्ही लागले. वीजबिल मात्र सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चासाठी शाळेला मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेतून भरायचे. थकबाकीपोटी अनेक शाळांची वीज तोडली गेली आणि गावाच्या पैशाने आलेला टीव्ही काळा पडदा होऊन भिंतीवर राहिला. इथे गावाची उदासीनता नव्हती, शिक्षकाचा आळस नव्हता, यंत्रही बरे होते. बिलाला लेखाशीर्ष नव्हते, एवढेच.

याच्या उलट टोकाला वारणा आहे, आणि वारणेची गोष्ट जितकी सांगितली जाते त्यापेक्षा अधिक शिकवणारी आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरच्या सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पैशाचा मोठा वाटा केंद्राचा, त्याखालोखाल राज्याचा, आणि दहा टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा. कागदावर स्वप्न मोठे होते: शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, शिक्षण, आरोग्य, सगळे एका खिडकीत. प्रत्यक्षात यातले बहुतेक काही रुजले नाही. रुजला तो उसाचा हिशोब. कोणाच्या उसाची नोंद कधी झाली, तोडणीचा पास कधी निघणार, वजनकाट्यावर किती टन भरले, खताची उधारी किती कापली, ही माहिती शेतकऱ्याला कारखान्याच्या गट ऑफिसात खेटे न घालता गावात मिळू लागली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आले की एवढी जुजबी माहिती द्यायला संगणक लागतच नाही. त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइल ठेवला आणि एसएमएसने तीच कामे करून दाखवली, कमी खर्चात. बरेच लोक यातून ‘साधे तंत्रज्ञान वापरा’ एवढाच धडा घेतात. मला त्यामागची दुसरी बाब महत्त्वाची वाटते. उसाचा हिशोब रुजला, कारण तो चालू ठेवण्यात कारखान्याचा रोजचा स्वार्थ होता. उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयचा वेळ वाचत होता, गाळपाचे वेळापत्रक सांभाळले जात होते, म्हणून केंद्रावरच्या माणसाचा पगार आणि यंत्राची दुरुस्ती हा कारखान्याला नेहमीचा खर्च वाटत होता, उपकार वाटत नव्हता. बाजारभाव आणि आरोग्यसल्ला यांच्या मागे असा रोज पैसे मोजणारा कोणी नव्हता. शेजारच्या मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात २०००च्या जानेवारीत ‘ग्यानदूत’ सुरू झाले, त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वीज, टेलिफोन लाइन आणि केंद्रचालकाची कमाई या तीन गोष्टी न जमल्याने काही वर्षांत त्याची रया गेली. पुरस्कार देणारे उद्घाटनाच्या जवळपास येतात, तेव्हा वीजबिल यायचे असते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कागदी व्यवस्थेत गरीब माणसाची जी पिळवणूक होत होती, तिच्यापुढे सेविकेच्या डेटापॅकचा हिशोब मांडणे हे रडगाणे नव्हे काय? तलाठ्याच्या सज्जावर सातबाऱ्यासाठी किती खेपा, किती चहापाणी, हे ग्रामीण महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत फोनवर निघतो. हे मोठे काम आहे. पण तो सातबारा कसा चालू राहिला हे पाहिले तर माझेच म्हणणे पुढे येते. जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण म्हणजे एक अ‍ॅप आणून ठेवणे नव्हते. त्यामागे केंद्राचा भूमी अभिलेख कार्यक्रम वर्षानुवर्षे पैसा ओतत होता, पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाखाली ठरलेली यंत्रणा होती, आणि २०१७ मध्ये ‘चावडी वाचन’ झाले. संगणकावरचा सातबारा गावच्या चावडीवर मोठ्याने वाचायचा, नाव, क्षेत्र, हिस्सा चुकला असेल तर खातेदाराने तिथेच हरकत घ्यायची, तलाठ्याने ती टिपून दुरुस्ती करायची. हजारो माणसांचे कित्येक दिवस सरकारने या कामाला अधिकृतपणे दिले. चूक संगणकात शिरते ती माणसाकडून आणि निघते तीही माणसाकडूनच, हे तिथे गृहीत धरले होते. शेजारच्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाने २००१ पासून तालुक्याच्या खिडकीवर उताऱ्यामागे १५ रुपये घेतले आणि चालवण्याचा खर्च बराचसा त्यातून भागवला. भ्रष्टाचार कमी करणारे तंत्रज्ञान फुकटात चालत नाही, हे या दोन्ही उदाहरणांत दिसते. मग जे फुकटात चालवले जाते, ते भ्रष्टाचार खरोखर किती कमी करते?

यासाठी पुन्हा रोजगार हमीच्या हजेरीकडे जावे लागते. खोट्या हजेऱ्या रोखण्यासाठी फोटो आणला. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिलेल्या पत्रात काय म्हटले? कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, जुन्या फोटोचाच फोटो काढून टाकला जातो, प्रत्यक्ष माणसे आणि नोंदलेली माणसे जुळत नाहीत. यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सगळे फोटो माणसाने तपासावेत, वरच्या पातळ्यांवर काही टक्के तपासावेत, असे ठरले. म्हणजे मस्टरवर खोटे अंगठे उमटवणारा मुकादम जागेवरच राहिला, त्याला फक्त कॅमेरा शिकावा लागला. प्रामाणिक मेटला मात्र रेंज शोधत टेकाड चढावे लागले, आणि आता फोटो तपासणारा आणखी एक माणूस लागला. ज्या देखरेखीचा खर्च वाचवण्यासाठी अ‍ॅप आणले ती देखरेख मागच्या दाराने परत आली. वारणेच्या त्या अभ्यासात सहभागी असलेले संगणकशास्त्रज्ञ केंतारो तोयामा पुढे असे मांडू लागले की तंत्रज्ञान माणसांच्या आणि संस्थांच्या आधीपासूनच्या ताकदीला मोठे करते, नसलेली ताकद निर्माण करत नाही. मी त्याला एक जोड देईन: ते आधीपासूनच्या अन्यायालाही मोठे करते, आणि वर त्याला आकडेवारीचे रूप देते.

दुसरा आक्षेप काळाचा. आता घरोघरी स्मार्टफोन आहे, डेटा स्वस्त आहे, जुन्या अडचणी किती दिवस उगाळायच्या? शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपल्या फोनवर करावी, या विचाराने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. कल्पना चांगलीच होती. तलाठी कार्यालयात बसून अंदाजे पीकपेरा लिहीत असे, आता शेतकरी बांधावरून फोटोसह लिहितो. नुकसानभरपाई, विमा, हमीभावाची खरेदी, सगळे त्या नोंदीवर. पण ज्याच्याकडे फोन नाही तो आणि ज्याच्या शिवारात रेंज नाही तो, दोघेही पिकासकट नोंदीबाहेर राहू लागले. खरिपात सर्व्हरवर ताण, मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. शेवटी उरलेल्या क्षेत्राची पाहणी करायला गावोगाव सहायक नेमावे लागले, मोबदला देऊन. हा मोबदला देणे मला या सगळ्या कहाणीतले सर्वात शहाणपणाचे पाऊल वाटते, कारण त्यात कबूल केले आहे की नोंद हे श्रमाचे काम आहे आणि श्रमाला दाम लागतो. लाडकी बहीण योजनेतही २०२४च्या पावसाळ्यात काही आठवड्यांत कोट्यवधी अर्ज भरले गेले. त्याचे श्रेय अ‍ॅपला देणारे लेख निघाले. ते अर्ज भरले अंगणवाडी सेविकांनी, ग्रामसेवकांनी आणि सेतूचालकांनी, आणि सरकारने पात्र अर्जामागे ५० रुपये देण्याचे कबूल केले होते. ज्या राज्यात ‘ग्रामीण यंत्रणेची क्षमता कमी’ असे म्हणतात त्या राज्याने ही कामगिरी करून दाखवली. क्षमता होती. फक्त या वेळी तिची किंमत ठरवली गेली.

तिसरा आक्षेप अर्थ खात्याचा आहे आणि तो टाळता येणार नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या चालू खर्चाची तरतूद करायची तर पैसा कुठून आणायचा? राज्याचा महसुली खर्च पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच अडकलेला. ग्रामपंचायतीच्या हाती येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी साठ टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला. उरलेल्यात पथदिव्यांचे बिल भरायचे की संगणकाचे? मान्य. पण मग याचा अर्थ कमी प्रकल्प घ्यायचे असा होतो, तेवढेच प्रकल्प घेऊन त्यांचा खर्च खालच्या माणसावर ढकलायचा असा होत नाही. इंग्लंडमधले अभ्यासक रिचर्ड हीक्स यांनी २००३ साली विकसनशील देशांतल्या ई-शासन प्रकल्पांचा एक ढोबळ अंदाज मांडला होता: ३५ टक्के पूर्ण फसतात, ५० टक्के अर्धवट फसतात, १५ टक्के यशस्वी होतात. यातले काही टक्के खोटे मानले तरी उरलेला आकडा एवढा मोठा आहे की दर दहांतले चार प्रकल्प सुरूच केले नसते तर उरलेल्या सहांना पुरेल इतका देखभालीचा पैसा त्यातून निघाला असता. केंद्र सरकारला हे उशिरा का होईना उमगले असावे. भारतनेट, मूळचे नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क, २०११ मध्ये मंजूर झाले. केबल पोचलेल्या ग्रामपंचायतींचे आकडे दरवर्षी वाढत गेले आणि त्यातल्या कितींत इंटरनेट खरोखर चालू आहे हा प्रश्नही. रस्तारुंदीच्या जेसीबीने केबल तोडली तर जोडायला कोण येणार, इथे घोडे अडत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी देताना दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च त्यातच धरला गेला. मेळघाटातल्या हरिसालच्या वाट्याला हे शहाणपण आले नव्हते. २०१६ मध्ये धारणी तालुक्यातले ते गाव देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले, आणि २०१९च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभेच्या पडद्यावर त्याचीच लक्तरे काढली. प्रचारात दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले ते बाजूला ठेवू. हरिसालला प्रसिद्धी मिळाली त्या वेगाने देखभालीचा करार मिळाला असता, तर विरोधकांना व्हिडिओ दाखवायला काही उरले नसते.

मग प्रत्यक्षात काय बदलावे? प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावात यंत्राच्या किमतीच्या शेजारी एक तक्ता सक्तीचा करता येईल: या प्रकल्पाने गावपातळीवरच्या कोणत्या माणसाचे दिवसाचे किती तास लागणार, फोन कोणाचा, डेटा कोणाचा, बिघडले तर तालुक्यात दुरुस्ती कुठे, आणि पाच वर्षांचा हा सगळा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून. तक्ता रिकामा असेल तर मान्यता नाही. नवे अ‍ॅप आणणाऱ्या खात्याने आधी कोणते जुने रजिस्टर किंवा कोणते जुने अ‍ॅप बंद होणार ते लिहून द्यावे, कारण आज सेविका, ग्रामसेवक आणि आशा यांच्या फोनमधल्या अ‍ॅपची संख्या त्यांच्यासाठी केलेल्या प्रशिक्षणांपेक्षा जास्त आहे. सर्व्हर बंद असेल त्या दिवशी कागदावर केलेली नोंद ग्राह्य, हे आदेशातच असावे. त्यासाठी रेशन दुकानदाराला किंवा मजुराला तहसीलसमोर बसावे लागू नये. पोषण ट्रॅकरमध्ये आता घरी न्यायच्या आहारासाठी आईच्या चेहऱ्याची ओळख पटवणे आले आहे. चेहरा जुळला नाही की सेविकेने काय करायचे, तिच्या फोनचा कॅमेरा फुटला तर नवा कोणी द्यायचा, आणि बाळ कडेवर घेऊन तिसऱ्यांदा उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला कोणते उत्तर द्यायचे, हे त्या तक्त्यात भरून दाखवायला खात्याला सांगावे.